शेरा : कामास योग्य नाही



गेल्या महिन्यात आम्ही आंबेगाव तालुक्यातील लोणी येथे एका मित्राच्या घरी गेलो होतो. मित्राच्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. त्रिसरण-पंचशील झाले, चार जणांनी दिवंगतांच्या आठवणी सांगितल्या, भोजन झाले आणि दुपारी तीनच्या सुमारास मंडळी पांगली. आमची एस.टी. संध्याकाळची होती. ओट्यावर टेकलो असता मित्राची मुलगी आतून एक कागद घेऊन आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही ऑफिसात काम करता. पप्पांना जरा समजावून सांगा ना."

कागद भारतीय हवाई दलाच्या अग्निवीर वायू भरतीचा होता. मुलगी बारावी झालेली, गणित आणि भौतिकशास्त्रात चांगले गुण. अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी, म्हणून अर्जाला पालकाची सही हवी. बाप सही करीत नव्हता आणि 'नाही' असेही म्हणत नव्हता. शेवटची तारीख जवळ येत चालली होती आणि कागद आठ दिवस फडताळात पडून होता.

आजी उंबर्‍यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, म्हातारा जाऊन अजून महिना न्हाई झाला. आता पोर बी घालवू व्हय? आन् पोरीच्या जातीला इमानाचं काय काम?"

मित्राने मान हलवली. "आई म्हणते ते अगदीच चूक नाही. पोरगी हळवी आहे हो. कुणी मोठ्याने बोलले तरी डोळ्यांत पाणी येते. हिला फौजेत कसे जमायचे?"

हळवी आहे, जमायचे नाही. आम्ही कारकून माणूस. गोपनीय अहवाल आणि त्यावरचे शेरे यांत आमची नोकरी गेली. कोणाच्या आयुष्याचे काय होणार हे पुष्कळदा एका ओळीच्या शेर्‍यावर ठरते, आणि तो लिहिणार्‍याला जेवणाची सुट्टी व्हायच्या आत पुढची फाईल उघडायची असते! मित्राचे बोलणे ऐकले आणि आम्हाला एका दुसर्‍या हळव्या मुलीच्या फायलीवरचा शेरा आठवला. त्या दिवशी ओट्यावर बसून जे सांगितले तेच आज वाचकांसाठी जरा सविस्तर लिहितो.

तिचे नाव नूर इनायत खान. जन्म १ जानेवारी १९१४, मॉस्को. आई अमेरिकन, वडील बडोद्याचे. बडोदे म्हटल्यावर आपल्या कानांना ओळखीचे वाटेल. मराठ्यांचे राज्य, सयाजीराव गायकवाडांचे दरबार. नूरच्या वडिलांचे आजोबा मौलाबक्ष हे त्या दरबारातील नामांकित गवई. १८८६ साली बडोद्यात जी गायनशाळा निघाली ती त्यांच्याच पुढाकाराने, महाराजांच्या आश्रयाखाली. मौलाबक्षांची पत्नी टिपू सुलतानच्या वंशातील होती, असे त्या घराण्यात सांगतात. इनायत खानांचा जन्म १८८२ साली याच घरात झाला आणि १९१० साली ते आपले गाणे आणि सूफी विचार घेऊन अमेरिकेला निघाले. तीनच वर्षांनी, १९१३ साली, त्याच बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन परमपूज्य बाबासाहेब अमेरिकेला गेले. एका दरबाराने गवयाला मान दिला आणि विद्यार्थ्याला दाम दिला. तेच बाबासाहेब १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यात परतले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला एक खोली मिळाली नाही, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. असो.

नूर वाढली ती पॅरिसजवळच्या सुरेन गावात. १९२७ साली वडील वारले. आई दुःखाने खोलीत कोंडून घेऊन बसली आणि तेरा वर्षांच्या नूरवर तीन धाकट्या भावंडांचे करायची वेळ आली. पुढे ती बालमानसशास्त्र शिकली, पियानो आणि हार्प हे तंतुवाद्य शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. पॅरिसच्या वर्तमानपत्रात त्या छापून येत, रेडिओवर वाचल्या जात.

आणि १९३९ साली लंडनमध्ये तिचे पुस्तक निघाले, 'ट्वेंटी जातक टेल्स'. होय, आपल्याच जातककथा! सूफी गवयाच्या मुलीने तथागतांच्या पूर्वजन्मीच्या वीस कथा युरोपच्या मुलांसाठी इंग्रजीत सांगितल्या. माकडांच्या राजाची कथा त्यात आहे. माणसांनी झाडाला वेढा घातला तेव्हा त्याने आपल्या देहाचा पूल केला, आपली सारी प्रजा पाठीवरून पलीकडे जाऊ दिली आणि स्वतः मात्र वाचला नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हीच कथा भिंतीवर रंगवलेली आहे. लोणीच्या मुलांची सहल जुन्नरच्या लेण्याद्रीला जाते. कधी अजिंठ्यालाही न्या आणि ती भिंत दाखवा, असे आम्ही मित्राला जाता जाता सांगितले.

तर ही गोष्टी लिहिणारी, वीणेसारख्या नाजूक वाद्यावर बोटे फिरवणारी मुलगी. जून १९४० मध्ये हिटलरच्या फौजा पॅरिसवर आल्या. घरची शिकवण अहिंसेची. तरीही नूर आणि तिचा भाऊ विलायत यांनी बसून ठरवले की अशा वेळी नुसते अहिंसेचे नाव घेऊन स्वस्थ बसणे म्हणजे अन्यायाला वाट करून देणे होय. काही अतिशहाणे आपल्याही लोकांना विचारतात की बुद्धाचे नाव घेता आणि महार रेजिमेंटचा अभिमान कसा बाळगता? त्यांनी तो काळ वाचावा. नाझींचा विजय म्हणजे जगातील स्वातंत्र्याचा शेवट, हे बाबासाहेबांनी वेळीच ओळखले होते. आपल्या तरुणांनी सैन्यात जावे म्हणून ते सांगत होते ते याच युद्धाच्या काळात.

कुटुंब बोटीने इंग्लंडला पोहोचले आणि १९ नोव्हेंबर १९४० रोजी नूर 'वाफ'मध्ये दाखल झाली. वाफ म्हणजे विमेन्स ऑक्झिलिअरी एअर फोर्स, ब्रिटिश हवाई दलाचे महिला सहाय्यक दल. हे दल जून १९३९ मध्ये, युद्धाच्या तोंडावर उभे राहिले आणि १९४३ पर्यंत त्यात सुमारे १,८०,००० स्त्रिया झाल्या. सर्वात खालच्या पायरीवर नूरची भरती झाली. नाव नोंदवले नोरा, म्हणजे विचारपूस कमी!

'सहाय्यक' या शब्दावर आम्हाला जरा थांबावेसे वाटते. युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विमान आणि त्यातला वैमानिक येतो. पण ते विमान कोणत्या दिशेला, किती उंचीवर, केव्हा उडवायचे हे जमिनीवर ठरत असे. समुद्रकाठच्या रडार ठाण्यात पडद्यावरचा ठिपका बघत रात्रभर मुली बसत. त्या टेलिफोनवर आकडे सांगत. दुसर्‍या ठिकाणी मोठ्या टेबलावर नकाशा पसरलेला असे, त्यावर मुली लांब दांड्याने खुणेचे ठोकळे सरकवत, आणि ते ठोकळे बघून वरच्या गॅलरीतला अधिकारी हुकूम सोडी. पॅराशूटच्या घड्या घालायच्या मुलींनी. एक घडी चुकली तर एक माणूस मेला. १९४० साली विमानतळांवर बॉम्ब पडत होते तेव्हाही टेलिफोनवरच्या मुली जागेवरून उठल्या नाहीत. त्या युद्धात या दलातील सहा जणींना शौर्याचे मिलिटरी मेडल मिळाले. आणि पगार? पुरुषाच्या दोन तृतीयांश! बॉम्बला मात्र दोन तृतीयांश फुटायला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या देशातही असे दल होते. १९४२ साली विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर (इंडिया) स्थापन झाले आणि युद्ध संपेपर्यंत त्यात दहा हजारांवर स्त्रिया होत्या. टेलिफोन, टंकलेखन, सांकेतिक लिपी, बिनतारी संदेश ही कामे त्यांनी सेना, नौदल आणि हवाई दल या तिघांसाठी केली. ही सारी आमच्या जातीची कामे, म्हणजे कारकुनाच्या जातीची. म्हणूनच कदाचित त्यांची पोवाड्यात नोंद झाली नाही.

नूरला बिनतारी यंत्रावर घातले. वाफमधील ज्या पहिल्या मुलींना हे शिक्षण दिले गेले त्यांत ती होती. मोर्सची कडकट्ट शिकायची, कानाने ऐकून कागदावर उतरवायची आणि बोटाने पाठवायची. थंडीने तिची बोटे सुजत, म्हणून ती बटणावर फार जोराने आघात करी आणि बरोबरीच्या मुली तिची थट्टा करीत. पण जसे प्रत्येकाचे अक्षर वेगळे तशी प्रत्येकाची कडकट्ट वेगळी असते. ऐकणार्‍याला कळते की पलीकडे कोण बसले आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध आहे.

अधिकारीपदासाठी मुलाखत झाली तेव्हा तिला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल विचारले. तिच्या चरित्रकार लिहितात की तिने सरळ सांगितले, जर्मनीशी युद्ध चालू आहे तोवर मी तुमच्याशी प्रामाणिक आहे. ते संपल्यावर मात्र मला माझ्या देशाच्या बाजूने उभे राहावे लागेल. नोकरी मागायला गेलेल्या माणसाने असे बोलावे काय? आमच्या एखाद्या वरिष्ठाने तिला बाहेर नेऊन चार गोष्टी शिकवल्या असत्या.

फ्रेंच भाषा मातृभाषेसारखी आणि हातात बिनतारी विद्या. म्हणून १९४३ च्या आरंभी तिला एका गुप्त संघटनेने उचलले. शत्रूने व्यापलेल्या फ्रान्समध्ये माणसे उतरवायची आणि तिथल्या बंडखोरांना शस्त्रे पोहोचवायची, हे त्या संघटनेचे काम. प्रशिक्षण झाले आणि शेवटी मुख्य प्रशिक्षकाने शेरा लिहिला. त्याचा आशय असा : मुलीला बुद्धी बेताची. मेहनत घेते, उत्साह आहे. परंतु स्वभाव अस्थिर व भावनाप्रधान. प्रत्यक्ष कामास योग्य आहे की नाही याची फार शंका वाटते.

तिला खोटे बोलायला आवडत नसे. खोट्या उलटतपासणीत ती घाबरून पांढरी पडली होती. शेरा लिहिणार्‍याने पाहिले तेच लिहिले. विभागप्रमुखाने मात्र त्या शेर्‍याच्या कडेला 'मूर्खपणा' अशा अर्थाचा उलट शेरा मारला आणि तिला पाठवायचे ठरले. त्याला तिचा मोठेपणा कळला म्हणून, की बिनतारी माणसांचा तुटवडा होता म्हणून? आमच्या मते दुसरे कारण अधिक खरे. तुटवडा पडला की शेरे गळून पडतात, हा सरकारी कामातला जुना अनुभव आहे.

आपल्याइतका तो कोणाला ठाऊक! १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती' आणि इतर जाती अशी वाटणी केली आणि महारांची भरती बंद केली. सुभेदार रामजींच्या पिढीने जी पलटणीत चाकरी केली होती ती एका शेर्‍याने पुसली गेली. १९१७ साली पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. दुसर्‍या महायुद्धात पुन्हा गरज पडली, बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. मुलीच्या कागदावरही आम्हाला ते गाव आठवले. अग्निवीर योजनेतील हवाई दलाच्या पहिल्या १५३ मुली डिसेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षण संपवून बाहेर पडल्या त्या बेळगावहूनच.

१६ जून १९४३ च्या रात्री चांदण्यात एका लहान विमानाने नूर फ्रान्समध्ये उतरली. पुरुष गेले होते, निरोप पोहोचवणार्‍या स्त्रियाही गेल्या होत्या. परंतु या संघटनेने बिनतारी यंत्रचालक म्हणून फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिलीच स्त्री. सांकेतिक नाव मॅडलिन. त्या काळी अशा यंत्रचालकाचे काम सरासरी सहा आठवडे टिके. मग तो पकडला जाई.

आठवडाभरातच पॅरिसचे सारे जाळे उद्ध्वस्त झाले. प्रमुख २४ जूनला पकडला गेला, मागोमाग इतर. लंडनने नूरला परत बोलावले. तिने कळवले की मी आले तर पॅरिसचा लंडनशी बोलण्याचा धागाच तुटेल, माझ्या जागी दुसरे कोणी येईपर्यंत मी हलत नाही. आणि पुढचे जवळजवळ चार महिने शहरातून जे संदेश गेले ते या 'बुद्धी बेताची' असलेल्या मुलीच्या सुजर्‍या बोटांनी गेले.

यंत्र सुटकेसमध्ये बसे, वजन सुमारे पंधरा किलो. एरियलची तार सत्तर फूट लांब, ती कुठेतरी टांगल्याशिवाय काम होत नसे. शत्रूच्या गाड्या रस्त्यारस्त्याने लहरींचा माग काढत फिरत, म्हणून वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ एका जागी संदेश पाठवणे म्हणजे मरण ओढवून घेणे. म्हणून रोज नवी जागा, नवी खोली, केसांना नवा रंग. एकदा भुयारी रेल्वेत दोन जर्मन शिपायांनी पेटीत काय आहे म्हणून विचारले. हिने सांगितले, सिनेमाचे यंत्र आहे. झाकण किलकिले करून दाखवलेसुद्धा! शिपायांना बिनतारी आणि सिनेमा यांतला फरक कळला नाही आणि 'आम्हाला नाही समजत' हे कबूल करायची त्यांना लाज वाटली. दुसरी गोष्ट याहून थोर. ती खोलीबाहेर झाडाला तार टांगत असताना शेजारी राहणारा जर्मन अधिकारी मागे येऊन उभा राहिला, आणि 'बाई, मी मदत करू का?' म्हणाला. रेडिओवर गाणी ऐकायची असतील असे त्याला वाटले. त्याने स्वतः तार बांधून दिली. ज्या मुलीला खोटे बोलता येत नाही म्हणून शेरा मारला होता, तिने त्याचे आभार मानले.

ओट्यावर इथपर्यंत आलो तेव्हा मुलगी खुदकन हसली. बाप हसला नाही. म्हणाला, "मग पुढे काय झाले तिचे?"

खरे सांगणे भाग होते. पोरांना पराक्रम तेवढे सांगायचे आणि चुका लपवायच्या, हे आम्हाला पटत नाही.

नूरने एक फार मोठी चूक केली. पाठवलेला प्रत्येक संदेश, संकेतातला आणि मूळ भाषेतला, ती एका वहीत जपून ठेवत होती. गुप्त कामात असा कागद जाळून टाकायचा असतो. मग हिने का ठेवला? तिला दिलेल्या लेखी सूचनेत संदेशांच्या 'फायलिंग'बाबत काळजी घे, असे वाक्य होते. लिहिणार्‍याच्या मनात वार्ताहरांचा अर्थ होता, म्हणजे बातमी रवाना करणे. चरित्रकारांचा तर्क आहे की नूरने तो शब्द सरळ अर्थाने घेतला, फायलीला लावून ठेवणे. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. एक शब्द! वरच्याने घाईत लिहिलेला आणि खालच्याने प्रामाणिकपणे पाळलेला.

ऑक्टोबर १९४३ च्या मध्यास कोणीतरी पैशासाठी तिचा पत्ता विकला आणि ती पकडली गेली. सोबत यंत्र आणि ती वही. तिच्या तोंडून जर्मनांना काही मिळाले नाही, हे तिला ताब्यात ठेवणार्‍या अधिकार्‍यानेच युद्धानंतर सांगितले. पण वही बोलली. तिच्या आधारे जर्मनांनी तिचे यंत्र स्वतः चालवले, तिच्या नावाने लंडनला संदेश धाडले. 'अक्षर' वेगळे वाटते अशी शंका लंडनमध्ये काहींना आली होती, ती बाजूला सारली गेली. त्या खोट्या संदेशांवर विसंबून फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस तीन जणांना पॅराशूटने उतरवले ते थेट जर्मनांच्या हातात. त्यांत मॅडलिन डॅमरमाँ नावाची फ्रेंच मुलगी होती.

दोष कोणाचा? वही ठेवणारीचा थोडा आहेच. परंतु शंका आलेली असताना फाईल पुढे ढकलणारे लंडनमध्ये गरम चहा पीत बसले होते. त्यांच्या अहवालांत 'अस्थिर' असा शेरा कोणी लिहिला नाही.

नूरने दोनदा पळून जाण्याचा प्रयत्न केला. दुसर्‍यांदा ती दोघा कैद्यांबरोबर छपरावरून निघाली होती. पुन्हा पळणार नाही असे लिहून दे, म्हणाले. तिने लिहून दिले नाही. मग जर्मनीत फॉर्ट्सहाइमच्या तुरुंगात हातापायांत बेड्या घालून तिला दहा महिने एकटीला ठेवले. सप्टेंबर १९४४ मध्ये तिला आणखी तिघींबरोबर डाखाऊच्या छळछावणीत नेले आणि १३ तारखेला चौघींना गोळ्या घातल्या. त्या तिघींत योलांद बीकमन ही वाफचीच बिनतारी मुलगी होती, एलिअन प्लुमन होती, आणि मॅडलिन डॅमरमाँ होती. वय तीस वर्षे.

५ एप्रिल १९४९ रोजी तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. रणांगणाबाहेरच्या शौर्याचा ब्रिटनमधला तो सर्वोच्च सन्मान. फ्रान्सनेही आपले शौर्यपदक दिले. थडगे नाही, म्हणून रनीमीड येथील हवाई दलाच्या स्मारकावर बेपत्ता वीरांच्या यादीत तिचे नाव कोरले आहे. २०१२ साली लंडनच्या गॉर्डन चौकात तिचा अर्धपुतळा बसला. त्यासाठी जिने खटपट केली ती भारतीय वंशाची लेखिका श्राबणी बसू. २००६ चे 'स्पाय प्रिन्सेस' हे चरित्र तिचेच.

एवढे सांगून झाल्यावर मित्र काही बोलला नाही. बराच वेळ तो अंगणातल्या रिकाम्या खुर्च्या बघत राहिला. मंडपवाला अजून यायचा होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मेलीच ना शेवटी."

त्याचे चुकले नाही. बापाने हेच विचारायचे असते. पण आम्हाला तेव्हा जे बोलावेसे वाटले ते नूरबद्दल नव्हते. आमच्या घरची एक फाईल आहे, तिच्याबद्दल होते. ती आजवर आम्ही या सदरात उघडली नाही.

आमची धाकटी बहीण बारावी झाली तेव्हा तिने परजिल्ह्यातल्या परिचारिका प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. आम्ही नुकतेच बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो होतो. घरातला शिकलेला माणूस म्हणून टपाल आमच्या हातात येई. बोलावणे आले. त्या वेळी वडील आजारी होते, फीचे पैसे नव्हते, तिच्यासाठी एक स्थळ चालून आले होते, आणि आमच्या मनाने शेरा लिहून टाकला : पोर भित्री आहे, एकटी राहू शकणार नाही. ते पत्र आम्ही तिला दाखवले नाही. फाडलेही नाही. कारकून माणूस कागद फाडत नाही. घरात एक फाईल होती, तिच्यावर आमच्याच अक्षरात 'किरकोळ' असे लिहिले होते. तिच्यात लावून ठेवले.

बारा वर्षांनी जातीच्या दाखल्याचा जुना कागद शोधताना बहिणीनेच ती फाईल उघडली. तोवर तिला दोन मुले होती, शिलाईवर घर चालत होते, आणि नवर्‍याच्या अपघातानंतर रुग्णालयाचे महिनाभर तिने एकटीने केले होते. डॉक्टर म्हणाले होते, बाई, तुम्ही नर्स आहात काय? तिने पत्र वाचले. रडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, हजर व्हायची तारीख बघ." आणि कागद पुन्हा फायलीला लावला, जिथून काढला होता तिथेच.

आम्ही समाजकार्यात भाषणे करतो, मुलींना शिकवा म्हणून सांगतो. लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांच्या वेळी आम्हाला काय ऐकू येते ते आज लिहिले.

लोणीच्या ओट्यावर हे बोलून गेलो तेव्हा मित्र खाली बघत होता. आजींनी मात्र इतका वेळ न विचारलेला प्रश्न विचारला. "भाऊ, ती नूर का कोन, तिची आई व्हती का तवा?"

होती, म्हणालो. लंडनला होती.

"मग तिनं कसं धाडलं?"

तिला माहीतच नव्हते, आम्ही सांगितले. काम गुप्त होते. पोर कुठे चालली हे आईला सांगायची परवानगी नव्हती.

आजी गप्प झाल्या. पदराने त्यांनी चष्म्याची काच पुसली, मग नातीकडे पाहिले. ती दाराला टेकून उभी होती आणि डोळ्यांत पाणी होतेच, मित्र सांगत होता तसे.

"आमची तर सांगून निघालीय," आजी म्हणाल्या. "बेळगावला यष्टी जाती का रं?"

एस.टी. जाते, पुण्याहून, असे मित्राने सांगितले. मग तो उठला, फडताळावरचा चष्मा शोधू लागला आणि आम्हाला म्हणाला, "पेन आहे का तुमच्याकडे?"

कारकुनाच्या खिशात पेन नसेल असे कसे होईल? दिले. आमची गाडी त्या गडबडीत चुकली. दुसर्‍या दिवशी सकाळी बापलेक मंचरला अर्ज भरायला निघाले, त्यांच्याच मोटरसायकलवर तिसरे बसून आम्ही आलो.